शेले हिरवा आणि श्वाइनफुर्ट हिरवा : एकोणिसाव्या शतकातील युरोपीय दालनांचे दोन रंग

युरोपीय घरांच्या अंतर्भागाविषयी लिहिताना ‘आर्सेनिकयुक्त हिरवा’ हा शब्दप्रयोग सरसकट केला जातो. वस्तुतः या नावाखाली दोन भिन्न रंगद्रव्ये येतात. त्यांतील भेद दुर्लक्षिल्यास पुराव्याचे मूल्यमापन फसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिले रंगद्रव्य स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ मध्ये सिद्ध केले. पोटॅशबरोबर विरघळविलेला सोमल मोरचुदाच्या द्रावणात मिसळला असता पिवळसर झाकेचा हिरवा साका तळाशी बसे. रंग मोहक खरा. परंतु गंधकयुक्त हवेत तो काळवंडे. दुसरे रंगद्रव्य १८१४ पासून बव्हेरियातील श्वाइनफुर्ट येथे विल्हेल्म साटलर याच्या कारखान्यात तयार होऊ लागले. जंगाल, सोमल व शिर्का यांपासून बनलेला हा हिरवा अधिक निळसर, अधिक तेजस्वी आणि तुलनेने टिकाऊ होता. १८२२ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध झाली व साहजिकच पहिला मागे पडत गेला.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. नेपोलियनच्या सेंट हेलेना येथील निवासस्थानातील भित्तिकागदाच्या तुकड्यात आर्सेनिक असल्याचे जोन्स व लेडिंगहॅम यांनी १९८२ मध्ये दाखविले. नेपोलियनचा मृत्यू १८२१ चा, म्हणजे दुसऱ्या रंगाची कृती सर्वांस खुली होण्यापूर्वीचा. त्यामुळे हा कागद शेले हिरव्याचा मानण्याकडे कल असणे समजण्यासारखे आहे. मात्र केवळ आर्सेनिक आढळल्याने रंगद्रव्याचे कूळ ठरत नाही, मग मृत्यूचे कारण तर दूरच.

रंगांत भेद असला तरी खोलीत राहणाऱ्यास दोहोंपासून धोका होताच. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाऊस भागात एका कुटुंबातील चार मुले एकापाठोपाठ दगावली. हिरव्या भित्तिकागदाविषयी वैद्यकीय साक्ष झाली, तरी पंचांनी मृत्यू नैसर्गिक ठरविला! दमट भिंतीवरील बुरशी अशा रंगांपासून आर्सेनिकयुक्त वायू निर्माण करते, हे इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ याने दाखविले ते १८९० नंतरच्या दशकात. हेच विषबाधेचे कारण म्हणून दीर्घकाळ सांगितले गेले. तथापि कलन व बेंटली यांनी २००५ मध्ये त्या वायूच्या प्राणघातकतेविषयीच गंभीर शंका उपस्थित केली. तेव्हा कागदावरून झडणाऱ्या भुकटीकडे पुन्हा पाहावे लागते, आणि ती तर दोन्ही हिरव्यांची झडत असे.