ग्रामीण रुग्णालय चांगलं की वाईट? एका भागाकाराचा इतिहास

तुमच्या तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय चांगलं आहे का, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? "नवीन इमारत झालीय", "सोनोग्राफीचं मशीन आलंय", "डॉक्टर नीट बोलतात", नाहीतर "आमच्या शेजारणीचं बाळंतपण तिथंच झालं, काही त्रास झाला नाही". ही उत्तरं चुकीची नाहीत. पण रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं की पन्नास किलोमीटरवरच्या शहरात, हे पाच मिनिटांत ठरवायचं असेल, तर एवढ्या माहितीवर भागत नाही.

रुग्णालयाचा दर्जा मोजायचा कसा, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या मुळाशी शाळेत शिकलेला भागाकार आहे. वर अंश, खाली छेद. किती बरे झाले, किती दगावले, हा अंश. पण कितीपैकी? तो छेद. बहुतेक घोळ छेदातच होतो.

स्कुटारीची नोंदवही

क्रिमियन युद्धात जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथल्या रुग्णालयात आणत. फ्लोरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथं पोचल्या. सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, टायफस आणि हगवणीनं जास्त मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या शंभरांमागे सुमारे ४२ मृत्यू होत. मार्चपासून ब्रिटनहून आलेल्या स्वच्छता आयोगानं गटारं, पाणी आणि हवा यांची व्यवस्था सुधारली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरांमागे सुमारे दोनवर आलं.

हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी आकडे मांडले. युद्धानंतर नाइटिंगेल यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीनं ते तपासले. पुढं त्यांनी आग्रह धरला, की सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवावी: कोण आलं, कशानं आजारी होतं, किती दिवस राहिलं, बरं झालं की दगावलं. आज तुमच्या केसपेपरवर जे रकाने दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

खेडं बरं की लंडन?

पण आकडे फसवतातही. १८६३ साली नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकात फार यांच्या आकडेवारीचा तक्ता छापला गेला. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ९१ टक्के होतं आणि लंडनबाहेरच्या परगण्यांतल्या २५ रुग्णालयांत सुमारे ३९ टक्के. म्हणजे लंडनमध्ये दहापैकी नऊ रुग्ण मरत होते?

अजिबात नाही. वर्षभरातल्या एकूण मृत्यूंना एका ठरावीक दिवशी वॉर्डात असलेल्या रुग्णसंख्येनं भागलं होतं. एका खाटेवर वर्षभरात दहाबारा रुग्ण येऊन जात असतील, तर त्या एका दिवसाच्या मोजणीत त्यातला एकच येतो. छेद लहान झाला, म्हणून उत्तर भयंकर आलं. त्या काळच्या डॉक्टरांनी यावर टीका केली. त्यांचा दुसरा मुद्दाही रास्त होता: मोठ्या रुग्णालयात जास्त गंभीर रुग्ण येतात, तेव्हा मृत्यूही जास्त दिसणारच.

हा मुद्दा आजही लक्षात ठेवा. एखाद्या लहान रुग्णालयात वर्षभरात एकही मृत्यू नाही, याचा अर्थ तिथले उपचार उत्तम आहेत असा होऊ शकतो. किंवा प्रत्येक अवघड रुग्ण "पुढे घेऊन जा" म्हणून पाठवला जातो आणि मृत्यूची नोंद दुसऱ्याच रुग्णालयाच्या खात्यावर पडते, असाही होऊ शकतो. नुसत्या शून्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

घरी गेल्यावर काय झालं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. त्यांचा प्रश्न साधा होता: रुग्ण चालत घरी गेला, पण वर्षभरानं कसा आहे? प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करावं, त्यावर तक्रार, निदान, उपचार आणि वर्षानंतरचा परिणाम लिहावा, आणि परिणाम वाईट असेल तर कारण शोधावं, असं ते म्हणत. त्यांनी १९११ मध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यात १२३ चुकांची नोंद होती आणि प्रत्येक चुकीचं कारणही दिलेलं होतं: कौशल्य कमी पडलं, निर्णय चुकला, साधनं नव्हती, निदान हुकलं. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. त्यांना स्थानिक वैद्यक संघटनेतलं पद सोडावं लागलं आणि त्यांचं रुग्णालयही टिकलं नाही.

पण कल्पना मेली नाही. अमेरिकन सर्जनांच्या संघटनेनं शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. किमान निकषांत फक्त ८९ बसली. १९१९ साली त्यांची नावं जाहीर होण्याआधी यादी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली गेली, कारण नापासांत मोठमोठी नावं होती. दर्जा मोजणं अवघड असतं, त्याहून अवघड असतं आलेलं उत्तर लोकांना दाखवणं.

काय आहे, काय केलं, काय झालं

बैरूतमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले डॉ. अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली या सगळ्याची नीट घडी बसवली. दर्जा तीन ठिकाणी पाहावा, असं त्यांनी मांडलं. छातीत दुखणाऱ्या वडिलांचं उदाहरण घेऊन पाहू. रुग्णालयात ईसीजीचं मशीन आणि ते चालवणारा माणूस आहे का? म्हणजे काय आहे. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढला का? म्हणजे काय केलं. महिन्यानं वडील हिंडताफिरता आहेत का? म्हणजे काय झालं.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पण तीस खाटांच्या रुग्णालयात एका आजाराचे गंभीर रुग्ण वर्षाला मोजकेच येतात. एखादा मृत्यू कमीजास्त झाला तरी टक्केवारी दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणून लहान रुग्णालयाचा दर्जा पाहताना मधला प्रश्न जास्त भरवशाचा ठरतो: जे करायला हवं होतं, ते वेळेवर केलं का?

जे पोचलेच नाहीत

या सगळ्या मंडळींच्या छेदात एक गोष्ट समान होती: रुग्णालयात आलेले रुग्ण. पण जे आलेच नाहीत, त्यांचं काय?

याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बाळांची नोंद करून घेतली. ७६३ बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. ते मिळाले शंभरातल्या तिघांनाही नाही. रुग्णालयाची नोंदवही कितीही चोख असती, तरी तिच्यात ही बाळं दिसलीच नसती. मग याच स्त्रियांनी घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते जवळपास तेवढेच राहिले. हे संशोधन १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

ग्रामीण रुग्णालयाचा खरा छेद त्याच्या भिंतींच्या आत नसतो. तो आसपासच्या सगळ्या गावांत असतो.

आज आपल्याकडे

आपल्या ग्रामीण रुग्णालयात किती खाटा, कोणते तज्ज्ञ, कोणती औषधं हवीत, याचे राष्ट्रीय निकष २००७ मध्ये आले. ते 'काय आहे' एवढंच सांगत. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आली. त्यांत रुग्णांचे हक्क, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग रोखणं आणि परिणाम असे आठ भाग तपासतात. बाहेरून आलेले तपासनीस गुण देतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. माता मृत्यूंची चौकशीही आता रुग्णालयापुरती नसते, घरी किंवा वाटेत झालेला मृत्यूही त्यात मोजायचा असतो. छेद हळूहळू रुंदावतो आहे.

प्रमाणपत्र ही चांगली गोष्ट आहे, पण ते तपासणीच्या दिवसाचं चित्र असतं. रोजचं चित्र तुम्हालाच दिसतं. म्हणून गरज पडण्याआधीच, एखाद्या शांत दिवशी, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावच्या आशाताईंकडे एवढं विचारून ठेवा:

– रात्री डॉक्टर आवारातच असतात का? ईसीजी आणि ऑक्सिजन रात्रीही मिळतो का?
– सर्पदंशावरचं प्रतिविष आणि श्वानदंशाची लस आत्ता, आज, शिल्लक आहे का?
– सिझेरियन इथं होतं का? कोणत्या दिवशी होत नाही?
– पुढे पाठवायचं झालं तर कुठं, कोणत्या गाडीनं? आधी फोन करून कळवतात का? प्रथमोपचार करून पाठवतात, की नुसती चिठ्ठी देतात?
– पाठवलेल्या रुग्णाचं पुढं काय झालं, याची कुणी चौकशी करतं का?

शेवटचा प्रश्न कॉडमन यांचा आहे. त्याचं उत्तर "हो" असेल, तर इमारत जुनी असली तरी त्या रुग्णालयावर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही. "नाही" असेल, तर हाच प्रश्न रुग्ण कल्याण समितीतल्या आणि ग्रामपंचायतीतल्या तुमच्या प्रतिनिधींना विचारा. मोजायला लावणं हे फक्त डॉक्टरांचं काम नाही. त्या भागाकाराच्या छेदात तुम्ही आहात, आजारी पडण्याआधीपासूनच.