दूर गेलेले बीज

कार्तिकात आमच्या मारेगावच्या शिवारातून चालत आले की पायजम्याला कुसळे आणि आघाड्याची बोंडे चिकटलेली असतात. ओट्यावर बसून ती एकेक वेचून काढावी लागतात. पुढे उन्हाळ्यात रुईची म्हातारी वाऱ्यावर तरंगत येते आणि पोरे तिच्यामागे धावतात. पळसाच्या चपट्या शेंगेत तर एकच बी असते, तेही टोकाशी. बाकीची शेंग म्हणजे त्या बीचा पंखच! पायांवाचून प्रवास करण्याची ही झाडांची युक्ती. वाचकांना नवल वाटेल, पण याच विषयावर एका मराठी माणसाने बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्यांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. सुधारक आगरकर ते वेगळे. आघारकरांचा जन्म १८८४ साली मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या या तरुणाला सह्याद्री धुंडाळण्याचा नाद होता. त्या भटकंतीत सातारा जिल्ह्यातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला एक चिमुकला जेलीफिश सापडला. १९११ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे सगेसोयरे तोवर फक्त आफ्रिकेतच ठाऊक होते. घरचा ओढा असा थेट दुसऱ्या खंडाशी नाते सांगू लागला!

पुढे कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९१४ साली अधिक अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तोच महायुद्ध पेटले. इंग्रजांचे प्रजाजन म्हणून ते शत्रूपक्षाचे ठरले आणि स्थानबद्ध झाले. दुसरा कोणी खचला असता. सुटका झाल्यावर आघारकरांनी बर्लिनमध्ये एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले आणि १९१९ साली डॉक्टरेट घेतली. विषय कोणता? वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती मूळच्या कुठल्या आणि त्यांची बीजे कशी पसरतात! राहणे परमुलखात, चित्त मात्र आपल्या मातीतल्या झाडाझुडपांत.

परदेशी गेलेली मुले आपल्याला अंतरली, असे आमच्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचे दुःख खोटे नाही. पण दूर जाणे हा बीजाचा धर्मच आहे. आज आमच्या शेतात उभी असलेली बहुतेक पऱ्हाटी मूळची अमेरिका खंडातली; इथे रुजली आणि इथलीच झाली. प्रश्न रुजण्याचा आहे.

आघारकर परत येऊन रुजले. कलकत्त्यात त्यांनी १९४६ पर्यंत अध्यापन केले. त्या वयात माणसे विश्रांती घेतात. त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. योगायोग असा, की ही आघारकर संशोधन संस्था आज पुण्याच्या आगरकर रस्त्यावरच आहे.

या संस्थेने गव्हाचे आणि सोयाबीनचे नवे वाण तयार करून शेतकऱ्यांना दिले. बीजांच्या प्रवासाचा माग काढणाऱ्या माणसाचे याहून साजेसे स्मारक मला तरी सुचत नाही.