दप्तराची दोन कुलुपे

1818 साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती पडले. ते त्यांनी जाळले नाही. उलट मोठ्या काळजीने जपले. मात्र हे जपणे इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हते. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, कोणाच्या जमिनीवर सारा बसविता येईल, हे ठरविण्यास त्या कागदांसारखा दुसरा पुरावा नव्हता. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले, रुमाल सुटले, आणि अनेक घराण्यांची इनामे खालसा झाली. तेव्हा दप्तर बंद होते असे म्हणणे बरोबर नाही. ते सरकारला उघडे होते, रयतेला बंद होते.

संशोधकांची गत काय होती? गणेश चिमणाजी वाड यांच्यासारख्या एखाद्यास रोजनिशांतील उतारे काढता आले, ते छापलेही गेले. पण ती मेहेरबानी होती, हक्क नव्हे. राजवाडे तर सरकारच्या दारात ताटकळत बसले नाहीत. ते गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी खात असलेली दप्तरे त्यांनी उपसली, आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुण्यात एवढे दप्तर असता पुण्याच्या माणसाने धुळीत कागद शोधावे, यात खेद मानावा की अभिमान, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

पुढे 1930 ते 1934 मध्ये गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 भाग संपादिले. काम प्रचंड, उपकारही मोठे. परंतु निवड ती निवडच. वगळले काय, हे मूळ रुमाल पाहिल्यावाचून कसे कळावे?

आज कायदा आपल्या बाजूचा आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही अपवाद सोडता, नाकारता येत नाही. पण पहिले कुलूप निघाले तर आत दुसरे आहे, ते मोडी लिपीचे. ते कोणा साहेबाने घातलेले नाही; ती लिपी शाळेतून आपणच जाऊ दिली. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा पणजोबांच्या नावाचा कागद हाती आला, तरी तो वाचून दाखविणारा माणूस शोधण्यासाठी घरोघरची मंडळी वणवण फिरत होती.