चुलीजवळचा श्वास आणि दूरचे यंत्र

१/ अष्टविनायकांतील विघ्नेश्वराचे ओझर कुकडीच्या काठी आहे. याच जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७२ साली उपग्रह भूकेंद्र राष्ट्राला अर्पण झाले. पुढे खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. आकाशातले दूरचे संदेश येथे ऐकू येतात. पण वाडीवर धाप लागलेल्या बाईची अवस्था डॉक्टरांना दुरून कशी कळावी? या प्रश्नालाही इतिहास आहे.

२/ श्वास मोजणारा स्पायरोमीटर लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये मांडला. त्यांनी दोन हजारांहून अधिक लोकांची मोजणी केली. त्यांत खलाशी, पोलीस, अग्निशामक होते. चुलीपुढे फुंकणी फुंकणारी स्त्री त्या हिशेबात नव्हती.

३/ ती दिसू लागली भारतात. १९५९ मध्ये डॉ. एस. पद्मावती आणि पाठक यांनी दिल्लीतील रुग्णांचा अभ्यास मांडला. फुफ्फुसाच्या आजारामुळे हृदय थकलेल्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांतील फारच थोड्या धूम्रपान करत. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मधून जगाला बजावले की, सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेटचा आजार नाही. लाकूड-गोवऱ्यांचा धूरही त्याचे मोठे कारण आहे.

४/ मोजमाप घरात आणले ते बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने. त्याचे मूळ तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. परंतु २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले की, कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची घट या यंत्राच्या नजरेतून सुमारे तिप्पट वेळा निसटते. सावळ्या कातडीच्या आपल्या मुलखात हा इशारा विसरता येणार नाही.

५/ मग रोजच्या नोंदी दुरून पाहिल्या तर? स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांवर हा प्रयोग झाला; निष्कर्ष २०१३ मध्ये 'बीएमजे'त आले. दोन्ही गटांना उपचार सारखेच होते. एका गटाच्या घरी यंत्र अधिक होते. वर्षभरानंतरही रुग्णालयात दाखल होण्याची वेळ पुढे गेली नाही. केवळ यंत्र ठेवल्याने आजार आवरला नाही.

६/ ओझर परिसरासाठी असे यंत्र घडवायचे असेल, तर या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. प्रश्न मराठीत, आवाजात विचारावेत : 'आज पाण्याचा हंडा आणताना किती वेळा थांबलात?' तुलना तिच्याच चांगल्या दिवसांशी व्हावी. रेंज नसेल तेव्हा नोंद यंत्रातच टिकावी. फोन मुलाच्या खिशात असतो, हे गृहीत धरावे. आणि आकडा घसरला, तर आशाताईंनी घरी जायचे की गाडी बोलवायची, हे आधीच ठरलेले असावे.

७/ स्पायरोमीटरने पुरुषांचा श्वास मोजला तेव्हा ती बाई गणतीबाहेर राहिली. नव्या यंत्राच्या आराखड्यातही ती बाहेरच राहिली, तर तिचा बिघाड आपल्याला पुन्हा दवाखान्याच्या दारातच कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

(समाप्त)