घरातल्या वायफायचं कुलूप

२१ जुलै १९९९. न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी नवा आयबुक संगणक हातात घेतला आणि इंटरनेटवरची पानं उघडत ते व्यासपीठावर चालू लागले. मागे कुठेही वायर नाही हे लोकांना पटावं म्हणून त्यांनी तो संगणक एका मोठ्या रिंगमधून आरपार नेऊन दाखवला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. संगणकात बसवायचं एअरपोर्ट कार्ड ९९ डॉलरला आणि घरात ठेवायचं बेस स्टेशन २९९ डॉलरला मिळणार होतं. गोदामं आणि कचेऱ्यांपुरतं असलेलं बिनतारी नेटवर्क इथून सामान्य घराच्या आवाक्यात आलं.

त्याची मुळं चौदा वर्षं मागे जातात. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने रेडिओलहरींचे काही पट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. मायकेल मार्कस या तिथल्या अभियंत्याने त्याचा पाठपुरावा केला होता. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रं ज्या लहरींवर चालत, त्याच कमी शक्तीने वापरून कोणीही संदेश पाठवावेत, सरकारची परवानगी नको, असा तो निर्णय. वायफायचा सगळा संसार या परवानगीवर उभा आहे. १९९७ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केलं, तेव्हा एक अडचण सगळ्यांना दिसत होती. वायर भिंतीच्या आत राहते, लहर भिंतीबाहेर जाते. शेजारच्या घरात, जिन्यात, रस्त्यावर उभ्या गाडीत ती कोणालाही ऐकू येते.

म्हणून त्याच मानकात ‘वेप’ नावाचं कुलूप घातलेलं होतं. वायरीतून जाणारा मजकूर जितका खाजगी राहतो तितका तरी हवेतून जाणारा राहावा, एवढीच त्यामागची अपेक्षा. पण ही अपेक्षाही पुरी झाली नाही. अमेरिकेत त्या काळी सांकेतिक लिपीच्या तंत्रावर निर्यातीचे निर्बंध होते, त्यामुळे किल्ली ४० बिटांचीच ठेवली गेली. पुढे १०४ बिटांची किल्ली आली, पण दुखणं किल्लीच्या लांबीत नव्हतं. प्रत्येक पॅकेटबरोबर एक बदलता आकडा जोडायचा, म्हणजे एकच किल्ली दर वेळी वेगळी वाटेल, अशी योजना होती. तो आकडा २४ बिटांचा, म्हणजे जेमतेम १ कोटी ६७ लाख शक्यता. गजबजलेल्या नेटवर्कवर काही तासांत त्या संपतात आणि जुने आकडे पुन्हा येऊ लागतात. ऐकत बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

२००१ च्या सुरुवातीलाच बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी वेपमधल्या चुका उघड केल्या. त्याच वर्षी स्कॉट फ्लूरर, इत्सिक मँटिन आणि अदी शामिर यांनी वेपच्या पोटातल्या आरसी४ या पद्धतीवरच बोट ठेवलं. किल्ली कशी शोधता येईल हे त्यांनी कागदावर दाखवलं, आणि उन्हाळा संपायच्या आत ते काम आपोआप करणारा एअरस्नॉर्ट हा प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळू लागला. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या तिघांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणलं.

मात्र बहुतेक घरांत हे कुलूप फोडायची वेळच येत नव्हती, कारण ते लावलेलंच नसे. पीटर शिपली या सुरक्षातज्ज्ञाने २००१ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को परिसरात अँटेना आणि लॅपटॉप घेऊन गाडीतून फेऱ्या मारल्या. तेव्हा उघडी नेटवर्क गल्लोगल्ली सापडली. लोक निष्काळजी होते असं म्हणून तज्ज्ञ मंडळी मोकळी झाली. हा निकाल अन्यायाचा होता. वेप लावायचं तर आकडे आणि अक्षरं मिसळलेली १० किंवा २६ चिन्हांची किल्ली तयार करायची, घरातल्या प्रत्येक यंत्रात जशीच्या तशी टाकायची, आणि एक चिन्ह चुकलं तर का चालत नाही हे कोणी सांगायचं नाही. शिवाय राउटर कारखान्यातून उघडाच यायचा. पेटी उघडली, वायर जोडली, इंटरनेट सुरू झालं. चालू झालेली गोष्ट कोण उघडून बघणार?

या अनुभवातून उद्योगाने एक चांगला धडा घेतला. २००३ पासून आलेल्या डब्ल्यूपीए या नव्या पद्धतीत घरगुती वापरासाठी ८ ते ६३ अक्षरांचा साधा पासवर्ड ठेवता येऊ लागला. आईचं गाव, आवडतं फळ आणि एखादा आकडा जोडून वाक्य करा. यंत्र त्यातून आपली लांबलचक किल्ली स्वतः तयार करेल. २००४ मध्ये त्याहून भक्कम डब्ल्यूपीए२ आलं आणि मार्च २००६ पासून वायफायचा अधिकृत शिक्का हव्या असलेल्या प्रत्येक नव्या यंत्रात ते असणं सक्तीचं झालं. सोय वाढली की सुरक्षा घटतेच, असं कोणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण दाखवावं. माणसाच्या लक्षात राहील असा पासवर्ड आल्यावर घराघरांत कुलपं लागू लागली.

पण पासवर्ड टाइप करणंही ज्यांना जड वाटतं त्यांच्यासाठी काही करावं, असं हा शिक्का देणाऱ्या वायफाय अलायन्स या संघटनेला वाटलं. जानेवारी २००७ मध्ये डब्ल्यूपीएस आलं. राउटरवरचं एक बटण दाबा आणि प्रिंटर आपोआप जोडला जाईल, किंवा राउटरच्या तळाशी छापलेला आठ आकडी पिन टाका. बटणाची कल्पना बरी होती, कारण ते दाबायला घरात शिरावं लागतं. पिनने मात्र घात केला. आठ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला, म्हणजे खरे सात. एक कोटी शक्यता, हेही थोडंथोडकं नाही. पण राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासायचा आणि पहिला भाग चुकला की तसं लगेच कळायचं. म्हणजे पहिल्या चार आकड्यांचे दहा हजार आणि पुढच्या तिनांचे एक हजार, असे फार तर ११ हजार प्रयत्न. डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या ऑस्ट्रियातल्या तरुण संशोधकाने हे जाहीर केलं. कितीही चुकीचे पिन टाकले तरी न अडवणारे अनेक राउटर तेव्हा बाजारात होते, त्यामुळे काही तासांत पिन सापडे आणि पिनपाठोपाठ पासवर्डही. काही राउटरमध्ये तर ही सोय बंद केल्याचं पडद्यावर दिसे, प्रत्यक्षात ती चालूच राही. डब्ल्यूपीए२चा उत्तम पासवर्ड ठेवणाऱ्या घराचीही मागची बाजू अशी उघडी राहिली होती, आणि घरमालकाला ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

भारतात ही गोष्ट जरा उशिरा सुरू झाली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला. २५६ केबीपीएसचा वेग तेव्हा चैनीचा वाटायचा. शहरांतल्या सोसायट्यांमध्ये एकेका घरात वायफाय दिसू लागलं, आणि अमेरिकेतली उघडी दारंही त्याबरोबर आली.

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसं गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने ईमेल आला होता. पोलिसांनी त्याचा आयपी पत्ता शोधला, तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका उंच इमारतीतल्या फ्लॅटचा. तिथे एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. दहशतवादविरोधी पथकाने त्याचे संगणक ताब्यात घेतले, चौकशा झाल्या, त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याच्या वायफायचा वापर बाहेरच्या कोणी केला होता. ऑगस्टमध्ये दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा तिसरा चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. पुढे या ईमेलच्या आरोपाखाली अटक झालेल्यांत पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंताही होता.

मुंबईकरांना वायफायच्या कुलपाचं महत्त्व समजलं ते असं, भीतीतून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्क हुडकत फिरणारी पथकं नेमली आणि मालकांना कुलूप लावायच्या नोटिसा द्यायचं ठरवलं. पाठोपाठ दूरसंचार विभागानेही इंटरनेट कंपन्यांना वायफायच्या सुरक्षेबाबत सूचना काढल्या. या गुन्ह्यांचा माग काढणाऱ्या पोलिसांना दुसरं काय करता आलं असतं? तरीही सगळा भार ग्राहकावरच पडला होता. राउटर उघडा विकणाऱ्याला नोटीस गेली नव्हती.

उलट बाजूही त्याआधीच मांडली गेली होती. सानपाड्याच्या सहा महिने आधी, जानेवारी २००८ मध्ये ब्रूस श्नायर या नामवंत सुरक्षातज्ज्ञाने आपण घरचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवतो असं लिहिलं. आल्यागेल्याला इंटरनेट देणं हा त्यांच्या मते साधा पाहुणचार होता, आणि आपले संगणक भक्कम असले की झालं, असा त्यांचा युक्तिवाद. श्नायर यांच्यापुरता तो खरा होता. पण प्रत्येक घरात श्नायर राहत नाही, आणि पोलिसांच्या दप्तरात आयपी पत्ता पाहुण्याचा नसतो, यजमानाचा असतो. आजच्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट नेटवर्क’ काढता येतं. पाहुणचाराचा प्रश्न त्याने बराचसा सोडवला आहे. दुर्दैवाने ते वापरणारी घरं फार थोडी दिसतात.

एव्हाना धोका हवेतल्या लहरींवरून राउटरच्या पोटात सरकला होता. घरातल्या गेमच्या यंत्राला किंवा कॅमेऱ्याला बाहेरच्या जगाशी थेट बोलता यावं म्हणून ‘यूपीएनपी’ नावाची व्यवस्था आली होती. यंत्राने सांगायचं, मला दार उघडून दे, आणि राउटरने कोण, कशाला हे न विचारता उघडायचं. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आलं आणि दोन महिन्यांत त्यातल्या यूपीएनपीमधली गंभीर चूक बुजवायला मायक्रोसॉफ्टला धाव घ्यावी लागली. २०१३ मध्ये एच. डी. मूर या सुरक्षासंशोधकाने सगळं इंटरनेट चाळून पाहिलं, तेव्हा ८ कोटींहून अधिक पत्त्यांवरून यूपीएनपीने उत्तर दिलं. घराच्या आतच बोलायची ही भाषा कोट्यवधी यंत्रं रस्त्यावर उभं राहून बोलत होती.

त्याचा हिशेब २०१६ मध्ये झाला. मिराई नावाचा एक लहानसा प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरू लागला. त्याच्याकडे हुशारी काही नव्हती. कारखान्यातून येणारी नावं आणि पासवर्ड यांच्या सुमारे ६० जोड्यांची एक यादी होती, ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’ या थाटाची. तेवढ्यावर लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांनी संकेतस्थळांची नावं त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डिन या कंपनीवर एकदम मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडल्या. ज्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांनी हे केलं त्यांना पत्ताही नव्हता. मिराई लिहिणारे तिघे तरुण पुढच्या वर्षी न्यायालयात दोषी ठरले. मिराईच्या ताब्यात गेलेल्या काही कॅमेऱ्यांचा पासवर्ड मालकाला बदलताच येत नव्हता, तो आत कायमचा कोरलेला होता. अशा माणसाला सावध राहा म्हणून सांगण्यात काय अर्थ?

२०१७ च्या जुलैअखेरीस तोच प्रकार भारतात घडला. बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम एका घातक प्रोग्रामने बंद पाडले. मोडेमसोबत आलेला मूळ पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता त्यांची यंत्रं यात सापडली, आणि पासवर्ड बदला असं आवाहन कंपनीला ग्राहकांना करावं लागलं.

यानंतर कायद्याची दिशा बदलली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून इंटरनेटला जोडायच्या यंत्राचा मूळ पासवर्ड प्रत्येक नगाला वेगळा हवा, नाहीतर पहिल्याच वापराला तो बदलायला लावायला हवा, असा नियम लागू झाला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट सारख्या, ओळखता येण्याजोग्या पासवर्डवर बंदी आली, आणि यंत्राला सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हे उत्पादकाने सांगणं सक्तीचं झालं. भारत सरकारनेही २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचण्यांची अट घातली. पंचवीस वर्षांच्या या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा टप्पा हाच आहे. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या, प्रत्येक नगाला वेगळ्या पासवर्डच्या चिठ्ठीने जितकी घरं सुरक्षित केली, तितकी कुठल्याही व्याख्यानाने केली नसतील. घरगुती राउटरसाठी असाच स्पष्ट कायदा भारतात व्हायला हवा, आणि ग्राहक संघटनांनी तो मागायला हवा.

तोवर काही कामं ज्याची त्याला करावी लागतील. फायबरची जोडणी करायला येणारा तंत्रज्ञ घाईत असतो. तो ग्राहकाचा मोबाइल नंबर किंवा नावापुढे १२३ एवढाच पासवर्ड टाकून निघतो. त्याला थांबवावं. वायफायचा पासवर्ड लांब वाक्याचा ठेवावा, राउटरच्या आतला अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा करून घ्यावा, डब्ल्यूपीएस आणि यूपीएनपी लागत नसतील तर बंद करायला सांगावं, पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून मागावं. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तो तंत्रज्ञ समोर असतानाच ते करून घेणं सर्वांत सोपं.