उखडलेल्या रस्त्याचे मोल

रस्त्याचे काम निघाले म्हणजे कडेला काळ्या खपल्यांचे ढीग पडतात आणि पुढे ते कोठल्याशा खड्ड्यात नेऊन ओततात. वस्तुतः त्या ढिगाच्या १०० भागांपैकी सुमारे ९५ भाग खडी व वाळू असते, उरलेले बिटुमेन. आपण त्यालाही डांबरच म्हणतो. पण डांबर कोळशाचे, हे खनिज तेलाचे.

गंमत अशी की, या रस्त्याचा जन्मच सांडलवंडीतून झाला. स्वित्झर्लंडमधील व्हाल द त्राव्हेरच्या खाणींतून बिटुमेनयुक्त खडक नेताना गाड्यांतून तुकडे सांडत, आणि उन्हाने व चाकांच्या भाराने ते एकजीव होत. १८४९ मध्ये मेरियान नावाच्या अभियंत्याच्या ते ध्यानी आले. १८५४ मध्ये पॅरिसच्या र्यू बेर्जेरवर तशी फरसबंदी झाली. तापविल्यास हा पदार्थ पुन्हा मऊ होतो, हे ठाऊक होते. पण नवा माल स्वस्त असताना जुना कोण उकरतो?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलरांपुढे गेला, तेव्हा अमेरिकन अभियंत्यांची दृष्टी त्या ढिगांकडे वळली. १९७६ मध्ये तेथील संघीय महामार्ग प्रशासनाने प्रात्यक्षिक प्रकल्पच हाती घेतला. प्रारंभी फजितीही झाली. जुना माल ज्योतीसमोर येताच बिटुमेन जळे व निळा धूर उठे. मग तो फिरत्या पिंपाच्या मध्यावर, ज्योतीपासून दूर सोडू लागले. जास्त तापविलेल्या नव्या खडीच्या उष्णतेनेच तो वितळे. ऊनवारा खाऊन कडक झालेल्या जुन्या बिटुमेनला मऊ जातीच्या नव्याची जोड द्यावी लागते. प्रमाण चुकल्यास थंडीत रस्ता तडकतो. ही काटकसर आळशाची नव्हे.

बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. बिटुमेनच्या रस्त्यांच्या पुनर्वापरासंबंधी तिची स्वतंत्र संहिता आली ती २०१५ मध्ये. तोवर बहुतेक ठिकाणी आपण थरावर थर चढवीत राहिलो. जुन्या वस्त्यांत पाहावे: जेथे दोन पायऱ्या चढून घरात शिरत, तेथे आता एक पायरी उतरावी लागते, आणि आषाढात रस्त्याचे पाणी थेट माजघरात येते. नवा थर घालण्यापूर्वी तेवढ्याच जाडीचा जुना थर यंत्राने खरवडून काढला, तर रस्त्याची पातळी होती तेथेच राहते.