एकाच कुळातील दोन यंत्रे

आपल्या घरांत वंशावळी जपल्या जातात. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी देश सोडून इकडे आलेला मूळ पुरुष कोण, त्याला किती मुले, कोणती शाखा कोठे स्थिरावली, याची टिपणे पेटीच्या तळाशी सापडतात. पुढे एखाद्या लग्नकार्यात दोन अनोळखी घराणी भेटतात आणि गोत्र, कुलदैवत व मूळ गाव जुळल्यावर आपण एकाच कुळातले आहोत हे दोघांना उमगते. यंत्रांच्या इतिहासातही असे घडते. प्रस्तुत लेखात अशाच दोन शाखांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

यांतील एक शाखा म्हणजे वडीलधाऱ्यांचे श्रवणयंत्र. ते परवडत असूनही अनेकजण चारचौघांत लावण्यास संकोचतात. दुसरी शाखा म्हणजे संगीताचे वेड असलेल्या तरुणांच्या कानांतील ‘इन-इअर मॉनिटर’. उत्तम प्रतीच्या अशा जोडीची किंमत लाख रुपयांच्याही पुढे जाते आणि ती मोठ्या अभिमानाने मिरवली जाते. एकाच घरात एक यंत्र लपविले जाते व दुसरे दाखविले जाते. वंशावळ पाहिली तर मात्र दोन्ही सख्खी भावंडे निघतात.

कुळाचा आरंभ १८७६ सालच्या टेलिफोनपासून धरावा लागेल. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्यांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला ऐकू येत नसे आणि पत्नी मेबल याही बालपणीच्या आजारात श्रवणशक्ती गमावून बसल्या होत्या. विजेच्या प्रवाहाचे ध्वनीत रूपांतर करून तो कानाशी नेणारा ‘रिसीव्हर’ अशा माणसाच्या हातून घडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे १८९१ मध्ये अर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्याने कानाच्या छिद्रातच बसणाऱ्या, रबरी टोपणाच्या जोड-रिसीव्हरचे एकस्व मिळविले. आजच्या मॉनिटरचा हा पणजोबा.

त्यानंतरची पिढी १९१० ची. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात डोक्यावर घालावयाचे रिसीव्हर तयार केले आणि अमेरिकी नौदलाने ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. त्यांतील रचनेला ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ म्हणतात. लोखंडाची एक बारीक पट्टी दोन चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली असते. भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की पट्टी हलते, आणि तिला जोडलेली काडी एका पातळ पटलाला कंप देते. पट्टी मुळातच तोललेली असल्याने अगदी क्षीण प्रवाहही तिला पुरतो. कमी शक्तीत जास्त आवाज हा या रचनेचा मोठा गुण होय.

हाच गुण श्रवणयंत्राला हवा होता. इवल्याशा बॅटरीवर दिवसभर चालायचे तर काटकसर आलीच. ह्यू नोल्स यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या कंपनीने श्रवणयंत्रांसाठी सूक्ष्म मायक्रोफोन व रिसीव्हर तयार करण्यात नाव मिळविले. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर असलेली श्रवणयंत्रे बाजारात आली. सामान्य ग्राहकाच्या हाती पडलेली ट्रान्झिस्टरची ही पहिली वस्तू. ग्रॅहॅम बेल यांच्या कार्याचा मान म्हणून श्रवणयंत्रांच्या उत्पादकांना स्वामित्वशुल्क माफ करण्यात आले होते. रेडिओ त्यानंतर आला. रिसीव्हर मात्र आक्रसत गेला आणि अखेर तांदळाच्या काही दाण्यांएवढा झाला.

आता दुसऱ्या शाखेकडे वळू. तेथे अडचण उलट होती, आवाज फार होता. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले तेव्हा ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे गाणे धड ऐकू येत नव्हते. गायकाला स्वतःचा स्वर ऐकू आला नाही तर तो सुरात राहणार कसा? यावर उपाय म्हणून कलाकाराच्या पायाशी त्याच्याकडे तोंड केलेले ध्वनिक्षेपक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यांना ‘मॉनिटर’ म्हणत. परंतु प्रत्येक वादकाला आपला मॉनिटर शेजाऱ्यापेक्षा मोठा हवासा वाटे. हा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी वाजे, आणि रंगमंचावरील पातळी सहज १०० डेसिबलच्या पुढे जाई. गाणारेच बहिरे होऊ लागले.

यातून सुटण्यासाठी मॉनिटर जमिनीवरून उचलून थेट कानात बसविण्याची कल्पना पुढे आली. स्टीफन अँब्रोस यांनी १९७० च्या दशकात स्टीव्ही वंडर यांच्यासारख्या कलाकारांसाठी तसे प्रयोग केले. निर्णायक पाऊल पडले ते १९९५ मध्ये. व्हॅन हॅलेन या रॉक वाद्यवृंदाचे ध्वनियोजक जेरी हार्वी यांच्याकडे ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलेन यांनी काहीतरी चांगले करून देण्याची मागणी केली. हार्वी यांनी कानाच्या ठशावरून घडविलेल्या कवचात दोन सूक्ष्म रिसीव्हर बसविले. एक खर्जासाठी, दुसरा तारस्वरांसाठी. त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. कानाचा ठसा घेण्याची रीत श्रवणतज्ज्ञांची आणि रिसीव्हर श्रवणयंत्रांच्या जातीचे. दोन्ही शाखा येथे एका मांडवात आल्या.

त्याआधीच अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एक शांत काम झाले होते. नोल्स कंपनीत दोन दशके संशोधन केलेले श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन यांनी १९८३ मध्ये ‘एटिमॉटिक रिसर्च’ ही संस्था काढली. या नावाचा आशय ‘कानाशी प्रामाणिक’ असा सांगितला जातो. प्रथम त्यांनी श्रवणतपासणीसाठी कानात बसणारे रिसीव्हर केले आणि १९९१ मध्ये संगीतासाठी ‘ईआर-४’ आणला. त्यात प्रत्येक कानासाठी एकच आर्मेचर आणि बाहेर तीन कंगोऱ्यांचे रबरी टोक. या जातीच्या यंत्रांची तुलना करताना आजही जाणकार त्याला मापदंड म्हणून समोर ठेवतात.

शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला तुलनात्मक तक्ता करण्याची सवय जडलेली असते. खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात विनिर्देश, दर व टिकाऊपणा असे रकाने असत. तोच तक्ता येथे मांडून पाहू.

पहिला रकाना स्वराचा. उघड्या कानाची नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि बासरीच्या नळीप्रमाणे ती काही स्वर आपोआप वाढविते. २७०० हर्ट्झच्या आसपास ही वाढ १५ डेसिबलच्या घरात जाते. कानात बोळा बसला की नलिकेचा हा नैसर्गिक गुण हरपतो, म्हणून चांगल्या मॉनिटरला तेवढी भर स्वतः घालावी लागते. ती कमी पडली तर गायकाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो, जास्त झाली तर टोचतो. ही भर मोजण्याची साधनेही श्रवणयंत्रांच्याच शाखेने दिली. नोल्स कंपनीने १९७२ मध्ये ‘केमार’ नावाचा, माणसासारखे कान असलेला पुतळा प्रयोगांसाठी केला, आणि कृत्रिम कानाचे आंतरराष्ट्रीय मानक १९८१ मध्ये ठरले. पुढे २०१० च्या दशकात हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह व सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून एक आदर्श वक्र काढला. किलियन यांच्या मापापेक्षा त्यात खर्ज ठळकपणे अधिक आहे.

आपल्या संगीतावर वाढलेल्या कानाला या परीक्षेसाठी तानपुऱ्यासारखे साधन नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते कारागिरांच्या पिढ्यांनी राखलेल्या कसबामुळे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरल्यास खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ येतो आणि जवारीतून उमटणारे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढतात. एकाच तारेत दोन्ही टोकांची परीक्षा होते. खर्जाचा भरीवपणा हरवला, तर यंत्रापेक्षा आधी कानातील बैठकीवर संशय घ्यावा, कारण टोक नीट न बसल्यास फटीतून निसटतो तो प्रथम खर्जच. जवारीचे रवे एकमेकांत मिसळून नुसता गुंजारव उरला, तर दोष बहुधा यंत्राचा.

दुसरा रकाना रचनेचा. येथे जाहिराती रिसीव्हरांच्या संख्येवर भर देतात. कोणी एका कानात चार, कोणी पाच, कोणी अठरा बसवितो. शुअर कंपनीच्या २०१३ च्या ‘एसई८४६’ मध्ये चार आर्मेचर आहेत. खर्जाचा रिसीव्हर वरच्या स्वरांत लुडबूड करू नये म्हणून पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांतून कोरलेला लांब वळणाचा मार्ग त्यात बसविला आहे. या कारागिरीला दाद द्यावीच लागेल. याउलट सेनहायझर कंपनीने २०१२ च्या ‘आयई ८००’ मध्ये आणि २०२१ च्या ‘आयई ९००’ मध्ये सात मिलिमीटरचा एकच डायनॅमिक रिसीव्हर वापरला. पहिल्याचे कवच सिरॅमिकचे, दुसऱ्याचे अ‍ॅल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून कोरलेले. दहा जणांच्या कोरसमध्ये सारे एका मात्रेवर आले तर भव्यता येते, एकजण मागे राहिला तरी गोंधळ होतो. अनेक रिसीव्हरांची गत तशीच आहे. त्यांच्यात स्वरांची वाटणी नीट झाली नाही, तर संख्येचा काही उपयोग नाही.

तिसरा रकाना टिकाऊपणाचा. कवच सहसा फुटत नाही, नादुरुस्त होतात ती जोडाची ठिकाणे. म्हणून वायर सुटी करता येणे हा मोठा गुण होय. फिरत्या गोल जोडापेक्षा दोन पिनांचा जोड घट्ट बसतो, पण वेडावाकडा ओढल्यास पिना वाकतात. स्वर बाहेर पडणाऱ्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि कानातला मळ तीत अडकला की एका बाजूचा आवाज बसतो. यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीला धाडण्यापूर्वी जाळी पाहावी. कानाच्या ठशावरून घडविलेले कवच सर्वांत चांगले बसते, परंतु ते एकाच व्यक्तीचे राहते. वारसाहक्काने पुढच्या पिढीला देता येत नाही.

चौथा रकाना दराचा. २०१७ मध्ये येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापे व किमती पडताळून पाहिल्या. स्वरांचा समतोल आणि किंमत यांत काहीच संबंध आढळला नाही. वाढीव पैशांत साहित्य, सफाई, आराम व नाव मिळते. उत्तम स्वर त्यात मिळेलच याची हमी नसते. निविदांच्या टेबलावर आयुष्य घालविलेल्यास याचे नवल वाटू नये.

पाचवा रकाना जाहिरातीत नसतो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हे यंत्र कान वाचविण्यासाठी जन्मले. नीट बसलेला ‘ईआर-४’ बाहेरचा कोलाहल ३५ डेसिबलपर्यंत अडवितो, म्हणून रेल्वेच्या डब्यातही हलक्या आवाजात गाणे ऐकता येते. पण त्याच बंद नलिकेत आवाज वाढविला तर अपायही तितक्याच जवळून होतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्म्याने घटते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली. १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणाला धोका आहे, असा इशारा तिने २०२२ मध्ये दिला. काही गायक स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून एका कानातील यंत्र काढून ठेवतात. मग उघडा कान कोलाहलाला सामोरा जातो आणि झाकलेल्या कानातील आवाज वाढवावा लागतो, म्हणजे नुकसान दोन्ही कानांचे. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून नातवाला महागडे यंत्र घेऊन देताना त्याच्या स्वराबरोबर बैठकही तपासावी, आणि शेजारच्या माणसाला ऐकू जात असेल तर आवाज जास्त आहे असे बजावावे. तसेच घरातील ज्येष्ठांनी श्रवणयंत्राला वार्धक्याची खूण मानू नये. ज्या तंत्राला रंगमंचावरचे नामांकित कलाकार शरण गेले, तेच तंत्र त्यांच्या कानामागे आहे. नातसुनेचे बोलणे अर्धवट ऐकून मान हलवीत बसण्यापेक्षा ते लावणे केव्हाही सन्मानाचे.

या कुळाच्या दोन्ही शाखा आता पुन्हा एकत्र येत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅपल कंपनीच्या ‘एअरपॉड्स प्रो’ या गाणी ऐकण्याच्या यंत्राला, त्यातील प्रणालीच्या आधारे, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी श्रवणयंत्र म्हणून वापरण्यास मान्यता दिली. आजोबा व नातू एकसारखेच यंत्र कानात घालून समोरासमोर बसले, तर कोण ऐकू येत नाही म्हणून बसला आहे आणि कोण गाणे ऐकत बसला आहे, हे पाहुण्याला ओळखता येणार नाही. बहिऱ्यांच्या शिक्षकापासून सुरू झालेल्या वंशावळीतील हे ताजे पान होय.